चौथ्या ओळीपासून चांदण्या

"थांबा, आधी पाहू द्या कुठवर जाऊन राह्यलं."

समोर कितीही माणसं ताटकळत असोत, त्या बाई एक बोट वर करून सगळ्यांना थांबवायच्या आणि दुसऱ्या हातानं काळ्या पडद्यावर कमांड टाकायच्या. मेडशीच्या बस थांब्याजवळ त्यांचं सेवा केंद्र होतं. दाखले, सातबारे, पेन्शनवाल्यांचे अंगठे. मी वाशीमच्या कार्यालयात नेटवर्क बघायचो, कंत्राटावर. ती कमांड त्यांना मीच शिकवलेली.

तुम्हीही अशी केंद्रं पाहिली असतील. नेट गेलं की 'सर्व्हर डाऊन' म्हणायचं आणि चहाला निघायचं. बाईंना ते पटत नसे. "डाऊन म्हंजे कुठं डाऊन? गाडी बंद पडली तं कोन्या गावापाशी पडली, थे तं सांगा."

आपला निरोप वाटेत कोणकोणत्या यंत्रांवरून जातो, हे ट्रेसरूट ही कमांड एकेका ओळीत दाखवते. उत्तर आलं नाही की त्या ओळीत तीन चांदण्या उमटतात. बाई मला फोन लावून त्या ओळी कंडक्टरच्या थाटात मोठ्यानं वाचायच्या. "हे आपलं मेडशी. हे मालेगाव. हे वाशीम, भाऊचं ऑफिस. अन् पुढं झाल्या चांदण्या सुरू."

रांगेतला एखादा म्हातारा विचारायचा, "दिवसा कशा चांदण्या वं, माय?"

"भाऊले इचारा. त्याईच्याच ऑफिसावर निघतात."

सगळे हसायचे. फोनवर मीही हसायचो. फोन ठेवला की मात्र खुर्चीत बसवत नसे. मालेगावकडून येणारी लाइन पुढं सोडणारं आमच्या खोलीतलं यंत्र जुनं होतं. दुपारी तापलं की पुढं काही सोडतच नसे. नवं मागवायचा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये दोन महिने तसाच पडून होता. आज देऊ, उद्या देऊ. मग इतका उशीर झाला, की अर्ज दिला असता तर आधी उशिराचं कारण द्यावं लागलं असतं. आणि माझा करार त्याच महिन्यात संपत होता.

मध्येच एका आजींच्या मुलानं तक्रार केली. आईला अंगठ्यासाठी तीनदा आणलं, तिन्ही वेळा परत पाठवलं, बाई मुद्दाम करते. वाशीमला सुनावणी लागली. केंद्र चालवायचा आयडी राहणार की जाणार, एवढंच ठरायचं होतं.

बाई फाइल घेऊन आल्या. रोज दुपारी नेट बसलं की त्या ट्रेसरूटचा कागद छापून ठेवत होत्या, तारीख-वेळेसह. नेटवर्कचा माणूस म्हणून मलाही बोलावलं होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्यातला एक उचलून माझ्याकडे दिला. "या चांदण्यांचा अर्थ काय?"

मी पाहिलं. चौथ्या ओळीत चांदण्या, पाचवीत, सहावीत, थेट तळापर्यंत. मधलं एखादं यंत्र गप्प राहून पुढचं बोलत असेल, तर तो दोष नसतो. इथं आमच्या यंत्रापुढं काहीच जात नव्हतं. मी चौथ्या ओळीखाली कागद दुमडला, साहेबांपुढं धरला आणि म्हणालो, "सर, काही यंत्रं उत्तर देत नाहीत. त्याचा अर्थ बिघाड आहे, असा होत नाही."

वाक्य खरं आहे. कोणत्याही जाणकाराला विचारा.

बाई माझ्या अंगठ्याकडे पाहत होत्या, घडीवरच्या. "भाऊ, कागद पुरा उलगडा ना."

मी तो फाइलमध्ये सरकवला.

त्यांचा आयडी बंद झाला. माझा करार वाढला. आठ दिवसांनी मी अर्ज दिला. उशिराचं कारण कुणी विचारलंच नाही. नवं यंत्र आलं आणि लाइन स्वच्छ झाली. पण आजही कुठल्याही कॉम्प्युटरपुढं बसलो की बोटं आपसूक ती कमांड टाकतात. चौथी ओळ उमटेपर्यंत पाय हलत राहतो.

मागच्या वर्षी वाशीमच्या स्टँडवर त्या दिसल्या. हातात डब्याची पिशवी, एक पाय बसच्या पायरीवर.

"आता कुठवर जाते, साहेब?"

भाऊ नाही, साहेब.

"शेवटपर्यंत," मी म्हणालो.

"कवापासून?"

कंडक्टर घंटी मारणार होता. त्यांनी एक बोट वर करून त्याला थांबवलं. मी बसची पाटी वाचू लागलो. वाचून झाली, पुन्हा वाचली.

मग ते बोट खाली आलं आणि त्या आत चढल्या.