कापसाच्या ढिगातला लंगोट

"कोनाचा हाय हा? मी इचारून राह्यलो, हा लंगोट कोनाचा हाय?" मामा ओरडत होते.

मामा आमचे नव्हते. ज्या मुलीचं माझ्या मोठ्या भावाशी जमवायचं चाललं होतं, तिचे ते मामा. मुलीकडची चार माणसं आमचं घर पाहायला आली होती आणि मधल्या खोलीत कापसाच्या ढिगापुढे उभी होती. मामांनी ढिगात खांद्यापर्यंत हात घालून आतली मूठ ओढली. मुठीत कापूस आला. कापसामागून एक लाल लंगोट आला आणि येतच राहिला. पैलवानी लंगोट तसाही लांब असतो, पण मुलीकडच्या माणसांसमोर निघतो तेव्हा तो निदान अठरा हात भरतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. दादानं, म्हणजे ज्याचं लग्न होतं त्यानं, जमिनीकडे पाहिलं. अकरा घरांतून नकार आल्यापासून तो बहुतेक वेळ तिकडेच पाहायचा.

"माझा हाय," मी म्हणालो.

मामांनी मला वरून खाली पाहिलं. त्या काळात माझं वजन पावसात भिजल्यावर पंचेचाळीस किलो भरायचं.

"तू पैलवान हायेस?"

"नाही. माझा म्हणजे माझ्या संग्रहातला."

पाहुणे एक पाऊल मागे सरकले. आता ते का सरकले, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

मी खेळांच्या वस्तू जमवायचो. कोणी तिकिटं जमवतं, कोणी नाणी. आमच्याकडे तिकिटं काढून घ्यायला पत्र येत नव्हतं आणि नाणी जमायच्या आत खर्च व्हायची. खेळ मात्र भरपूर होते. जत्रेत कुस्त्या, शाळेच्या पटांगणात कबड्डी, आणि कापूस निघालेल्या वावरात क्रिकेट. सामना संपला की मी खेळाडूजवळ जायचो आणि त्याच्या अंगावरची एखादी वस्तू मागायचो.

लंगोट ज्या पैलवानाचा होता, त्याची कुस्ती जत्रेत दुपारी लागली होती. ती इतकी चालली, की जोड सुटली तेव्हा जिलेबीची दुकानं उठून पुढच्या गावच्या जत्रेला गेली होती. माझ्याकडे दुसरबीडच्या एका कबड्डीवाल्याच्या गुडघ्याचा पट्टा होता. एका पंचाची शिट्टी होती, तिच्यातला दाणा त्यानं चुकून गिळला होता, आणि त्यानंतर तीन दिवस तो नुसता श्वास सोडायचा तरी पोरं खेळ थांबवायची. सगळ्यात मोलाचा होता अर्धा कॉर्क बॉल. उंद्रीच्या एका फलंदाजानं तो असा हाणला की मधोमध फुटला. अर्धा सीमेपार गेला, अर्धा झेलला गेला. अंपायरनं दिवस मावळेपर्यंत विचार केला आणि अर्धा आऊट दिला. राहिलेला अर्धा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन खेळला.

हे मी घरी समजावून सांगितलं होतं. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या घामाचं कापड घरात आनतं, काही झालं म्हंजे?" आमच्याकडे परक्याच्या अंगावरचं कापड कोणी मागून नेलं, की त्याचं एकच कारण समजतात, आणि ते कारण लिंबू-मिरचीच्या जवळचं असतं. कबड्डीवाल्यानं तर पट्टा देताना आधी माझ्या आजोबांचं नाव विचारून घेतलं होतं. मित्रांना चौकात समजावलं तेव्हा एक जण म्हणाला, "मंग तू काय करतं बे त्याचं?" मी म्हणालो, काही नाही, ठेवतो. तो म्हणाला, "करनी करनारा निदान काही करते त."

म्हणून मी प्रत्येक वस्तूला दाखला घ्यायला लागलो. आमच्या गल्लीत एक रिटायर हेडमास्तर राहायचे. त्यांच्याकडे जुना शिक्का आणि भरपूर दुपार होती. मी वस्तू नेली की ते चष्मा लावून ती उलटसुलट पाहायचे, कागदावर मजकूर लिहायचे, सही करायचे आणि शिक्का मारायचे. लंगोट त्यांनी दोन बोटांनी पाहिला, पण पाहिला.

राहता राहिला जागेचा प्रश्न. तो बीटी कापसानं सोडवला. बीटी नवीन आलं त्या वर्षांत आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरायची. भाव वाढेस्तोवर कापूस घरातच ठेवायचा, म्हणून आम्ही सगळे ओसरीत झोपायचो आणि शिंकायचो. बियाण्याच्या पाकिटांसोबत फुकट टी-शर्ट मिळायचे. गावची पूर्ण क्रिकेट टीम त्याच टी-शर्टात खेळायची. समोरची टीमही त्याच टी-शर्टात यायची, कारण बियाणं तेच होतं. एकदा क्षेत्ररक्षण करणारे मोजले तर एकोणीस निघाले आणि त्यातले दोघं पुढचे फलंदाज होते.

मग पानं लाल पडायला लागली. मग बोंडात अळी सापडायला लागली, जी सापडणार नाही असं पाकिटावर छापलेलं होतं. दरवर्षी ढीग हातभर खाली आला. जितका ढीग खाली आला तितकी माझ्या संग्रहाला जागा झाली. मी हे सुखाचं मानत होतो असं नाही, पण भिंत मोकळी झाली की खुंटी ठोकावीशी वाटते.

त्याच वर्षांत शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळेनाशा झाल्या. दादा तेहतीस वर्षांचा झाला. पाहुणे यायचे, विहिरीत डोकवायचे, चहा प्यायचे आणि जाताना विचारायचे, "नोकरी कुठं?" दादा म्हणायचा, "वावरात." की संपलं. अकरा वेळा संपलं. बाराव्या घरानं मात्र नोकरीचं विचारलंच नाही. मुलगी दादानं पाहिली होती, तिनंही त्याला पाहिलं होतं, आणि घरी आल्यावर दादा बैलाशी दोन वाक्यं बोलल्याचं आईनं ऐकलं होतं. आता फक्त त्यांनी घर पाहायचं राहिलं होतं.

त्या सकाळी आमच्यासमोर दोन अडचणी होत्या. कापूस कमी होता आणि माझा पसारा जास्त होता. बाबांनी दोन्ही अडचणी एकमेकींवर रचल्या. मधल्या खोलीत आधी दोन खाटा उलट्या घातल्या, त्यावर माझ्या पेट्या, बॅटी, पोती, फुटका स्कोअरबोर्ड, आणि वरून होता तो सगळा कापूस हलक्या हातानं फुलवून पसरला. ढीग खिडकीच्या वर गेला. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "पंचवीस क्विंटल." दहा मिनिटांनी ते त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

एक गोष्ट लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थानं सांगितली नव्हती. मुलीचे मामा पस्तीस वर्षं जिनिंगच्या कारखान्यात माल पाहायच्या कामाला होते. गाडी आली की कापसात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि वरचा सोडून आतला माल काढायचा, हे त्यांचं काम. ती सवय अंगात मुरलेली. त्यांना नवी गादी दाखवली तरी ते उसवून पाहतील, असं नंतर त्यांच्याच घरी मी ऐकलं. त्यांनी आमच्या ढिगात हात घातला तो संशयानं नाही. कापूस दिसला म्हणून घातला.

तर मामांच्या हातात लंगोट होता आणि पाहुणे एक पाऊल मागे होते.

"पस्तीस वर्सं हात घालून राह्यलो," मामा म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "ओला कापूस निघते. गोटे निघते. एकदा जिता साप निघाला. लंगोट नोता निघाला."

"पोराचा नाद हाय," बाबा म्हणाले.

"परक्याच्या आंगचं कापड घरात दडवून ठेवतेत, त्याले नाद नाही म्हनत."

मुलीच्या वडिलांनी खांद्यावरचा रुमाल उचलून पुन्हा खांद्यावर ठेवला. हे निघायचं लक्षण होतं. आई दाराशी चहाचा ट्रे घेऊन थांबली होती, ती दार अडवून उभी राहिली.

मी धावत जाऊन कागद आणला. मामांनी तो मोठ्यानं वाचला. "सदर लंगोट मी समक्ष पाहिला असून तो खरा असल्याचे आढळून आले." खाली सही. खाली शिक्का.

"हेडमास्तरले दुसरं काम नोतं?"

"रिटायर झाले ते."

मामांनी कागद घडी करून मला दिला आणि पुन्हा हात घातला. या वेळी गुडघ्याचा पट्टा निघाला. मी पट्ट्याची हकीकत सांगितली. तो ओढल्यामुळे वरचा कापूस थोडा खाली बसला. मग शिट्टी निघाली, मी पंचाचं सांगितलं. पाहुण्यांपैकी एक जण हसला आणि मामांकडे पाहून थांबला. ढीग आणखी बसला. मग पाठोपाठ दोन बॅटी निघाल्या आणि खिडकी पूर्ण दिसायला लागली. माझा नाद मी आयुष्यात इतकं मन लावून कोणाला समजावला नाही, आणि माझ्या प्रत्येक वाक्यागणिक आमचा कापूस कमी होत गेला. बाबा मधून मधून म्हणत होते, "दबते तो. कापूस हाय, दबतेच." मामांनी अर्धा बॉल बाहेर काढला, हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "आन हा अर्धा काऊन?"

मी अंपायरची गोष्ट सुरू केली. अर्ध्यावर आलो होतो. एवढ्यात खाटेचा पाय दिसला.

"आता खाट कोनत्या खेळाची हाय?" मामा म्हणाले.

याला माझ्याकडे दाखला नव्हता. बाबांनी तोंड उघडलं, आणि ते पंचवीस म्हणणार हे आम्हाला सगळ्यांना कळलं. तेवढ्यात दादा बोलला. जमिनीकडे पाहतच बोलला.

"सात क्विंटल हाय. खालतं खाटा हायेत, त्यायच्यावर याचं सामान. तुमाले दाखवाले रचलं."

बाबांनी तोंड मिटलं. मामांनी लंगोटाची नीट घडी घातली आणि खाटेच्या पायावर ठेवली. मग चौघंही ओसरीत जाऊन बसले. चहा प्यायले. पोहे तसेच ठेवले. "कळवतो," असं मुलीचे वडील म्हणाले. ते शब्द आमच्या ओळखीचे होते, आधीच्या अकरांनी तेच वापरले होते.

पुढचे आठ दिवस दादा माझ्याशी नेहमीइतकाच बोलला, म्हणजे काहीच नाही. पण आता त्या न बोलण्यात माझा भाग किती, हे मला मोजता येत नव्हतं. तो वावरातून यायचा, पाय धुवायचा आणि मधल्या खोलीच्या दारात उभा राहून खाली बसलेला ढीग पाहायचा. एकदा त्यानं बोंडाची एक पाकळी माझ्या बॅटीवरून झटकली आणि बॅट सरळ उभी करून ठेवली. त्यापेक्षा त्यानं ती माझ्या डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी मी सगळा संग्रह पोत्यांत भरला. हिवरा आश्रमाच्या रस्त्यानं एक भंगारवाले चाचा सायकलवर यायचे, त्यांना थांबवलं. चाचांनी पोत्यात डोकं घातलं.

"लंगोट में लोहा है क्या?"

मी त्यांनाही समजावलं. सवय झाली होती. कुस्ती, पट्टा, अंपायर, सगळं. चाचांनी अर्ध्या आऊटची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. ती शेवटपर्यंत ऐकणारे ते पहिलेच.

"समझ गया," ते म्हणाले. "अपना बी यहीच शौक है. फरक इतना, के अपुन शाम तक बेच देते." मग त्यांनी पोत्याचं तोंड बांधून माझ्याकडे सरकवलं. "इसका कुछ नहीं आता, भाई. रख ले."

मी पोती परत ओढत आणली तेव्हा ओसरीत मध्यस्थ बसला होता आणि आई साखरेचा डबा शोधत होती. मुलीकडच्यांनी होकार कळवला होता. दादा बैलाकडे गेला होता. या वेळी तो किती वाक्यं बोलला ते कोणी ऐकलं नाही, पण बराच वेळ आला नाही.

बाबांनी त्या होकाराची कारणं गावात बरीच सांगितली: आमचं घराणं, आमची विहीर, दादाची उंची. दादाची उंची तेवढ्यात चार बोटं वाढली होती. मीही माझ्या मित्रांना सांगत होतो की मामांना अर्धा बॉल फार आवडला.

लग्न झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी वहिनी मधल्या खोलीत सरकी वेगळी काढत बसली होती. माझ्या पेट्यांवर तिनं पापड वाळत घातले होते. मी तिला विचारलं, "वहिनी, त्या दिवशी मामानं घरी जाऊन काय सांगितलं? तुमी हो काऊन म्हनलं?"

वहिनीनं हातातलं काम थांबवलं नाही.

"मामा म्हने, पोरगा सात क्विंटल म्हनते, पन कापूस सहाच हाय. म्या म्हनलं, एवढं चालते."