माझ्या तोंडून दिलेला शब्द

माझं माहेर सिहोऱ्याचं. मध्य प्रदेशची हद्द जवळच, त्यामुळे घरात मराठी आणि बाजारात हिंदी असं बोलतच मी मोठी झाले. लग्न होऊन कोंढ्याकडच्या खेड्यात आले, तेव्हा सासरच्या घरात हिंदी धड कोणालाच येत नव्हती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजारापुरतं मोडकंतोडकं बोलत आणि एवढ्यातेवढ्यासाठी मला हाक मारत. गावात तालेवार म्हणून त्यांचा मान होता. त्या मानाचा मलाही अभिमान होता.

सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. एका दुपारी मामाजी पवनीच्या बाजारातून परतले ते बैलबंडीत एक कुटुंब घेऊनच. नवरा, बायको, त्याची म्हातारी आई आणि दोन लहान मुली. पूर्व पाकिस्तानातून निघालेले बंगाली लोक. आधी रायपूरकडच्या छावणीत राहिले, मग आमच्याच जिल्ह्यात, पार पूर्वेला अर्जुनीकडे सरकारनं वसवलेल्या वस्तीत आले. तिथं जमीन मिळाली ती थोरल्या भावाच्या नावानं. धाकट्याला पोट भरायला बाहेर पडावं लागलं. पवनीत तो हमाली करत होता, तिथं मामाजींना भेटला.

"धानाचे लोक आहेत," मामाजी अंगणातूनच म्हणाले. "आपल्या गावात राहतीन. सूनबाई, इकडं ये. यायले नीट समजावून सांग."

आमच्या बोडीखाली, म्हणजे लहान तळ्याखाली, घरची बरीच जमीन पडीक होती. बेशरमाची झुडपं, उंच गवत, दगड. मामाजी बोलत गेले, मी हिंदीत सांगत गेले. झुडपं तोडा, धुरे म्हणजे बांध घाला, धानासाठी बांध्या पाडा. पहिली पिकं अर्धी अर्धी. "आन जेवढी जमीन तयार करान तेवढी तुमची. कागद करून देईन. मी जिता असेपर्यंत तुमाले कोनी उठवनार नाही."

माझे मालक शेजारीच दोर वळत बसले होते.

मी सगळं सांगितल्यावर त्या बाईनं मामाजींकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत विचारलं, "दीदी, पक्का बोल रहे हैं?"

"पक्का," मी म्हटलं. "ये ऐसे-वैसे आदमी नहीं हैं."

ती मला दीदी म्हणे. गाव तिला बंगालीण म्हणायचं. मी तिला बाई म्हणू लागले, आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. दोघींमध्ये थोरली कोण हे आम्ही कधी ठरवलं नाही.

गावाच्या टोकाला त्यांची झोपडी उभी राहिली. छपराला धानाची तणीस आमच्याकडची, बांबू ढिवरांच्या मोहल्ल्यातून. हे बांबू सहज मिळाले नाहीत. ढिवर लोक आमच्या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. बंगाली आला, आता आपले मासे नेणार, असं त्यांच्यात बोललं जाऊ लागलं. मी बाईला घेऊन सरळ तिथल्या एका म्हातारीच्या दारात गेले. बाई खाली बसली, दोरीवर वाळत घातलेलं जाळं तिनं हातात घेतलं आणि फाटलेल्या जागी गाठी मारायला लागली. म्हातारीनं वाकून एक गाठ ओढून पाहिली. मग म्हणाली, "हिचं माहेर पान्यातलंच दिसते." जाताना तिनं आम्हाला पानात बांधून झिंगे दिले. तलावात जाळं टाकणार नाही, असं बाईच्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःहून कबूल केलं. बांबू संध्याकाळच्या आत आले.

आमच्या घरात मात्र वेळ लागला. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तिला ओसरीवर चहा देत, पण तिची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात. "जात कोनती व्हय, कोनाले मालूम," म्हणत. बाईला ते कळत होतं. चहा झाला की ती कपबशी स्वतःच विसळून कोनाड्यात ठेवायची आणि मी नजर दुसरीकडे वळवली की हळूच माझा पदर ओढायची, जाऊ दे म्हणून.

दिवेलागणीला ती शंख फुंकी आणि जीभ हलवून, शुभवेळी बंगाली बायका काढतात तो लांब, थरथरता आवाज काढी. गावातली पोरं मागून नक्कल करायची. मग माझ्या नणंदेचं लग्न आलं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि बायकांच्या गर्दीतून बाईनं तो आवाज काढला. सगळा मांडव तिच्याकडे वळून पाहू लागला. मला वाटलं, आता कोणीतरी हिला बोलणार. पण मुंडावळ्या सावरत नणंदच हसून म्हणाली, "वहिनी, तिले म्हना, आनखी एकदा." बाईनं पुन्हा आवाज काढला, आणि या वेळी ढिवरांच्या बायकांनीही तिच्यासोबत जीभ हलवून पाहिली. त्या दिवशी आत्याबाईंनी तिला चुलीपाशी बोलावलं आणि भात उपसायला लावला. कोनाड्यातली कपबशी त्यानंतर कुठं गेली ते मी विचारलं नाही.

जमीन तोडायला त्यांना दोन उन्हाळे लागले. तिच्या नवऱ्याचे तळहात जनावराच्या खुरासारखे झाले होते. म्हातारी सासूसुद्धा टोपलीनं दगड वेचायची. तिसऱ्या पावसाळ्यात तिथं आमच्या जुन्या वावरांपेक्षा चांगलं धान उभं राहिलं. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, मी स्वतः तिच्या रांगेत चिखलात उभी होते. कागद काही झाला नव्हता. विषय निघाला की मामाजी म्हणत, "होईन ना. पळून चाललो काय मी?"

जावयाची नजर त्याच धानावर पडली. तो पवनीचा व्यापारी. दिवाळीला आला, बोडीखालून फिरून आला आणि सासऱ्याला म्हणाला, लेकीला काहीतरी दिसण्यासारखं द्या. नणंद माहेरी येऊन रडली. तिकडं तिला टोमणे बसत होते, हे खरंच होतं. पोरीसाठी बापाचा जीव तुटणार, हे मला समजत होतं. त्यासाठी मामाजी काय करतील, हे मात्र मनातही आलं नाही.

धान कापून झालं आणि मामाजींनी चार प्रतिष्ठित माणसं अंगणात बोलावली. बाईच्या नवऱ्यालाही बोलावलं. मी दाराआड होते. मामाजी म्हणाले, जमीन घरची आहे, आता घरी पाहिजे, या लोकांनी दुसरी सोय पाहावी. तो माणूस उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्याला आमची बोली येऊ लागली होती. "तुमी शब्द देला होता," तो म्हणाला.

"मी कवा देलो?" मामाजींचा आवाज जराही चढला नाही. "मले तुमची भाषा येत नव्हती. सुनेनं आपल्या मनानं काही सांगतलं असन. बाईमानसाले काय समजते?"

मी पदर डोक्यावर ओढला आणि अंगणात आले. त्या घरात सुनेनं चारचौघांत येण्याची ती पहिलीच वेळ होती. "मामाजी, तुम्ही म्हटलं होतं," मी म्हणाले. "जेवढी तयार करान तेवढी तुमची. कागद करून देईन. मी शब्दाला शब्द सांगितला होता. हे इथंच बसून ऐकत होते." आणि मी मालकांकडे पाहिलं.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खालची माती बोटानं उकरली. "मले ध्यान नाही," ते म्हणाले.

बैठक तिथंच संपली. लोक उठले, कोणी तंबाखू चोळू लागलं. मामाजी मला म्हणाले, "आत जा."

घरात आल्यावर मी मालकांना एवढंच विचारलं, "खरंच ध्यानात नाही?"

"आहे," ते म्हणाले. "पन बापाले चार लोकांत खोटं कसं पाडू?"

"मग मला पाडलं."

मामाजींनी फसवलं याचा राग आला होता. यांनी जे केलं त्याला काय म्हणावं, ते मला अजूनही सापडलेलं नाही. एवढं खरं, की त्या दिवसापासून माझं यांच्यावर टेकणं संपलं. संसार केला, पोरं वाढवली, आजारपणं काढली. मामाजींचंही शेवटपर्यंत मीच केलं, भाकरी कुस्करून भरवली. पण त्या दोघांपैकी कोणी "मी पाहतो" म्हटलं, की मी ते काम स्वतः उठून करू लागले.

दुसऱ्या दिवशी मी झोपडीवर गेले. बाई भांडी गोणपाटात बांधत होती. तिचा नवरा छपराचे बांबू सोडवून वेगळे रचत होता. ढिवरांचे होते, त्यांना परत द्यायचे होते. मी सांगायला सुरुवात केली, मी काय बोलले, यांनी काय केलं. बाईनं हात वर करून मला थांबवलं.

"मुझे मालूम है तू झूठ नहीं बोली," ती म्हणाली. "पर दीदी, मैंने तेरे ससुर का भरोसा नहीं किया था. तेरा किया था."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले तरी असते. ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या बायका बंडीपर्यंत आल्या. आमच्या घरातून मी एकटीच होते.

ऐंशीनंतर केव्हातरी अर्जुनीकडे एका नात्यातल्या लग्नाला गेले होते. तिथून विचारत विचारत, दुसरी बस धरून त्यांच्या वस्तीवर पोचले. थोरल्या भावाच्या घरामागे त्यांनी आपलं छोटं घर बांधलं होतं. परसात भोपळ्याचा वेल होता, एक मुलगी शाळेतून येऊन पाटी पुसत बसली होती. बाईनं मला ओळखलं, हसली, चटई टाकली.

"बैठिए," ती म्हणाली. "आप चाय लेंगी न?"

एवढ्या वर्षांत ती मला कधी आप म्हणाली नव्हती. तिनं कपाटातली नक्षीची कपबशी काढली, माझ्यासमोर ठेवली, घरच्यांची खुशाली विचारली. सगळ्यांची नावं घेऊन विचारली, मामाजींचीसुद्धा. मी उत्तरं देत राहिले. खाटेवरून तिच्या आंधळ्या झालेल्या सासूनं विचारलं, कोण आलंय म्हणून. बाईनं बंगालीत सांगितलं. दीदी हा शब्द त्यात कुठं येतो का, म्हणून मी कान देऊन ऐकलं. तिनं फक्त आमच्या गावाचं नाव सांगितलं होतं.

चहा प्यायले आणि शेवटची बस निघायच्या आत उठले.