उताराआधी थांबलेली मोटार

दादा गेल्याचा निरोप घेऊन वहिनीचा भाऊ शहापूरहून धसईला आला, तेव्हा मी अंगणात भात वाळत घालत होते. त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. मी एवढंच विचारलं, "त्रास झाला का रे?"

"नाय गो ताई. चहा घेतला, भिंतीला टेकून बसला, नि तसाच गेला."

रडू यायच्या आधी माझ्या तोंडून मोठा नि:श्वास बाहेर पडला. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. पण गेले दोन पावसाळे दम्यानं त्याचे किती हाल केले होते, ते मी पाहिलं होतं. आडवं पडता येत नसे, उशा रचून बसल्या बसल्या झोपे. आता तो सुटला... हेच पहिल्यांदा मनात आलं, आणि अजूनही मन तिथंच येऊन निवतं.

गणपतदादा माझा थोरला भाऊ. आमचे वडील बैलगाडी हाकायचे. दादा मात्र मिसरूड फुटायच्या आधीच कल्याणला एका मोटारीवर क्लीनर म्हणून गेला आणि ड्रायव्हर होऊन परत आला. मुरबाड-शहापूर रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार सुरू झाली, तेव्हा ती त्याच्या हाती आली. लग्नकार्य असो, बाजार असो, आमच्या बाजूची माणसं "गणपतची मोटार" म्हणूनच तिला ओळखायची, मालक दुसराच असला तरी. मग लढाई आली. पेट्रोल मिळेनासं झालं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली, तिच्या वायूवर मोटार चाले. त्या धुरानंच पुढं त्याची छाती धरली, असं वहिनी म्हणते. सुटे भाग तर औषधालाही मिळत नव्हते.

त्या दिवसांतलीच ही गोष्ट. पौष महिना होता. माझी थोरली मुलगी तान्ही होती आणि मी तिला घेऊन पहिल्यांदाच माहेरी, शहापूरला निघाले होते. मुरबाडला दादानं मला आपल्या पाठीमागच्याच बाकावर बसवलं. शेजारी आमच्या धसईचे रामजीकाका वांग्यांच्या पाट्या घेऊन बसले होते. मोटार भरलेली. ब्रेक दाबला की चाकातून कर्र असा आवाज यायचा, दातांत कळ जावी तसा. सगळे त्याला सरावलेले दिसले, मीही गप्प बसले. दादा मात्र एरवीसारखा बोलत नव्हता. दोनदा त्यानं मागं वळून मुलीकडे पाहिलं.

मोठा उतार लागायच्या जरा आधी त्यानं मोटार थांबवली आणि खाली उतरून म्हणाला, "उतरा सगळे. उतार पायी उतरा. खाली परत बसा."

"आरं, काय झालं काय?" रामजीकाका चिडले. "बाजार हुकंल माझा!"

"काका, पाट्या राहू द्या. तुमी तेवढे उतरा."

लोक कुरकुरत उतरले. दादा एकटाच आत बसला आणि पहिल्या गिअरमध्ये मोटार हळूहळू उताराला लावली. आम्ही मागून चालत होतो. अर्ध्या वाटेवर तो आवाज पुन्हा आला, या वेळी लांबलचक, किंचाळल्यासारखा. मग एकदम बंद झाला आणि मोटार सुटली... दादानं ती रस्त्यावरून शेतात घातली. भात कापून झालेलं, शेत कोरडं. ती धडधडत गेली, बांधावर नाक आपटून थांबली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

मी मुलीला घेऊन कशी धावले, मला आठवत नाही. धूळ खाली बसली तर दादा बांधावर बसलेला, कपाळावर टेंगूळ, आणि चारी बाजूंना वांगीच वांगी. रामजीकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वांग्यांचं काय घेऊन बसलास रे," ते म्हणाले, खरं तर दादा काहीच बोलला नव्हता. "आमी सगळे आत असतो तर?"

संध्याकाळी ओटीवर मी त्याला विचारलं, तो आवाज कसला होता. त्यानं समजावून सांगितलं. चाकात लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला की आतली पट्टी त्याला टेकते आणि चाक धरते. पट्टी झिजून संपली की तिला ठोकलेल्या रिवेटच्या खिळ्यांची डोकी वर येतात आणि ड्रमला ओरखडतात. "नवी पट्टी आणून बसवली तरी भागत नाय मग. खरबरीत ड्रम तिला खातो. आपल्याला वाटतं दोन्ही घट्ट टेकलीत, पण टेकतात ते नुसते उंचवटे. मधल्या खाचा रिकाम्याच. तेवढ्याशा टेकणीवर भरली मोटार कशी धरायची?"

"तुला ठाऊक होतं?"

त्यानं कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

"रोज ऐकू येत होतं गो. मालकाला सांगितलं, तर म्हणला, लढाई चाललीय, सामान नाय, सांभाळून हाक. मी पण हाकत राहिलो. आज तू पोर मांडीवर घेऊन मागं बसलीस, नि मला पुढला उतार दिसाय लागला..." मग खाली मान घालून म्हणाला, "आजवर बसल्या त्या पण कुणाच्या तरी बहिणीच होत्या ना."

आईनं भाकरीचं ताट आणून त्याच्यापुढं ठेवलं. "जेव रे आधी," ती म्हणाली. "सगळी हायेत ना घरी? मग जेव." तेव्हा कुठं तो रडला, आणि रडता रडताच जेवला.

दुसऱ्या दिवशी तो मालकाकडं गेला. ड्रम कल्याणला नेऊन लेथवर फिरवून गुळगुळीत केल्याशिवाय मोटारीला हात लावणार नाही म्हणाला. नोकरी जाईल या भीतीनं वहिनीनं देव पाण्यात ठेवले. पण रामजीकाका आपण होऊन सोबत गेले आणि बांधावर काय झालं ते मालकाला सांगितलं. मालक आधी तणतणला, शेवटी तयार झाला. महिनाभर मोटार बंद राहिली आणि आमची सगळी बाजू बैलगाडीनं फिरली. कुणी दादाला बोल लावला नाही. पुढं छातीत दम होता तोवर त्यानं ती मोटार चालवली, कुणाला खरचटलंही नाही.

परवा शहापूरला गेले. दुपारची वेळ, दार नुसतं लोटलेलं. ढकललं, तर आवाज न करता उघडलं. स्वयंपाकघराचंही तसंच. वहिनी पाठमोरी तांदूळ निवडत होती. मी अगदी मागं जाऊन उभी राहिले तरी तिला कळलं नाही. खांद्याला हात लावल्यावर ती दचकली, आणि मग मला धरून हसायला लागली, किती दिवसांनी.

"काय करू गो," म्हणाली, "दर अमावास्येला तुझे दादा वाटी घेऊन बसायचे, साऱ्या बिजागऱ्यांना तेल घालायचे. मोटारीच्या त्या दिवसापासून कर्र आवाज सोसायचाच नाय त्यांना. या घरात कोण आलं, कोण गेलं, कळतच नाय."