विमानाला कोंबडं

बारामतीजवळ जुन्या विमानांचं एक संग्रहालय आहे, तिथं माझा मुलगा मेकॅनिक आहे. महायुद्धातलं एक विमान त्यांनी दुरुस्त करून उडतं केलं. लोकांना ते उडवून दाखवायचं ठरलं, तेव्हा वैमानिकाच्या मागच्या सीटवर मुलगा बसणार होता. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं बसायचं, असा त्यांचा नियम. नियम चांगला असेल, पण मुलगा माझा होता.

आम्ही घरची माणसं डाळजहून टेम्पोनं गेलो. आत फार गर्दी, म्हणून धावपट्टीच्या टोकाला, तारेच्या कुंपणाबाहेर बसलो. विमान उठलं. मी मान वर करून बसले. मागं बाभळीखाली धाकटा दीर काय करतोय, ते मी पाहिलंच नाही.

आमच्यात नवा ट्रॅक्टर आला की कोंबडं देतात. विमानाजवळ कुणी जाऊ देईना, म्हणून दिरानं बाहेरच दोन कोंबडी कापली. आतडी उघड्यावर टाकली. घारी जमल्या. बघता बघता आमच्या डोक्यावर घिरट्याच घिरट्या.

विमान उतरायला त्याच वाटेनं खाली आलं, घारींच्या तोंडाशी आलं आणि एकदम गरजून वर गेलं. पाखरू पंख्यात शिरलं तर विमान खाली येतं, हे मुलानंच मला सांगितलं होतं. मी मागं वळले, तर बाभळीखाली रक्त आणि पिसं.

"भावजी, हे काय केलं?"

"चांगलंच केलं की. ट्रॅक्टरच्या टायमाला तुमीच मसाला वाटला हुता, वैनी."

"ट्रॅक्टर आभाळात चालत न्हाय! गोळा करा सगळं आन् गाडीवर पाटाकडं पळा. घारी मागं येत्याल."

"मटण पण?"

"मटण पण! तुमचा पुतण्या वर हाय."

तेवढ्यावर त्याचा चेहरा उतरला. सगळं पातेल्यात भरून, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, पातेलं पोटाशी धरून तो गेला. आम्ही बायकांनी रक्तावर माती लोटली. घारी थोडा वेळ तिथंच फिरल्या. मग एक वळली, तिच्यामागं बाकीच्या. एक मात्र हलेना. विमान पुन्हा खाली आलं तेव्हाही ती वरच होती. मी डोळे मिटले नाहीत. घार पंखाच्या बाजूनं निसटली आणि चाकं जमिनीला लागली.

बऱ्याच वेळानं मुलगा कुंपणापाशी आला. अंगातला शर्ट घामानं चिकटला होता.

"आई, घारी कुणी जमवल्या?"

"तुझ्या काकानं. तुला दृष्ट लागू नये म्हणून."

तो हसला नाही. तारेला धरून उभा राहिला.

"रविवारी परत उडवायचंय."

"बसणार?"

"बसायला लागंल."

"बस मग. तुझ्या काकाला मी घरी बसवते."