सडा आणि रांगोळी

“हात लावू नकोस त्या दगडाला! माज्या बापाचा डोंगर हाय ह्यो!”

मुळशीच्या डोंगरमाथ्यावर नाना ओरडले आणि तिकडे पौडच्या स्टँडवर ड्रायव्हरने सुरू केलेली एसटी बंद केली. खोटं वाटेल, पण मी शपथेवर सांगतो. महिन्यापूर्वी नाना गेल्याचं कळलं तेव्हा आधी तो आवाजच आठवला... त्या दिवशी नानांसमोर हातोडी घेऊन उभा होता खाणीसाठी जमीन तपासायला आलेला साहेब. माथ्यावरचं सपाट रान, ज्याला आम्ही सडा म्हणतो, तिथला तांबूस दगड त्याला हवा होता. “याची ॲल्युमिनियमची पातेली होतात,” तो म्हणाला. नाना माझ्याकडे वळले. “मास्तर, ह्यो सोनं न्यायला आलाय. पातेल्यासाठी कुनी डोंगर चढत न्हाई.”

नानांचा संशय म्हणजे, कुणी बदलली तर नसतील म्हणून रोज संध्याकाळी ते स्वतःच्या बैलांची शिंगं चाचपून बघत. पण या वेळी कारण होतं. वडिलांची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेलेली, उरला होता तो हा सडा. खाण निघाली की तोही जाणार. म्हणून त्यांनी साहेबाला आपल्याच पडवीत उतरवून घेतलं. पाहुणचार कसला, पाळतच ती.

साहेब दगड कुटून भुकटी करी, ढिगाचे चार वाटे पाडी, समोरासमोरचे दोन टाकी, उरलेले कालवून पुन्हा तेच... शेवटी मूठभर भुकटी पिशवीत. “मुठीत सगळा डोंगर आला पाहिजे,” म्हणे. पिशव्या पडवीतच रचलेल्या. नानांच्या घरच्या, आमच्या वहिनी, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “आन् दगूड वाईट कवा म्हनायचा?”

साहेब म्हणाला, “सुपात तांदळापेक्षा खडेच जास्त निघाले, तर निवडत बसाल का वहिनी? तसंच. धातू थोडाफार असतोच. पण गारगोटीचा अंश फार निघाला, की तो वेगळा करायचा खर्च परवडत नाही. मग खाण नाही.”

“लई ग्वाड बोलतोय,” नाना माझ्या कानात म्हणाले. कानात म्हणजे, पलीकडच्या वाडीला ऐकू गेलं.

पुढे भुकटी तपासून आली. गारगोटीच गारगोटी; खाण बारगळली. साहेब ते सांगायला स्वतः आला आणि नानांकडे बघतच राहिला. “काळ्या कातळाच्या मुलखात एवढी गारगोटी?”

“डोंगराला इचारा,” नाना म्हणाले.

तेव्हापासून, भुकटीत काहीतरी केलं असणार म्हणून, सारा मुलूख नानांवर संशय घेत होता, मीही. विचारलं की ते नुसती मिशी पिळत. मरेपर्यंत हो म्हणाले नाहीत, की नाही म्हणाले नाहीत...

परवा वहिनींना भेटायला गेलो. सून उंबऱ्यापुढे रांगोळी घालत होती. ओढ्यातली गारगोटी कुटून केलेली, त्या घरची नेहमीची. डब्यातली पांढरी भुकटी मी चिमटीत घेतली आणि तशीच पडवीत वहिनींपुढे धरली.

“वहिनी, त्या पिशव्यांत नानांनी ही...?”

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्यांना कुटलं जमतंय. त्ये निस्ते वरडत व्हते.”