दारातला पिवळा गोंद
शेजारच्या फ्लॅटमध्ये सुतार सनमायका चिकटवायला बसला की त्या पिवळ्या गोंदाच्या वासाने मला विक्रोळीचं ते गॅरेज आठवतं आणि डोकं फिरतं. माझ्या गाडीच्या दारातून पाणी आत यायचं, पायाखालच्या मॅटला कुबट वास सुटला होता. मेकॅनिकने दाराचं अस्तर काढून मागची फोमची शीट दाखवली. पाणी अडवायचं तिचं काम, पण कडा सुटल्या होत्या. "काळी चिकट टेप लावतो," तो म्हणाला, "ओढली की सुटते. मागे काचेची मोटर आहे साहेब, कधीतरी उघडावं लागणारच." "म्हणजे मी परत तुझ्याकडेच यायचं," मी सगळ्यांदेखत म्हणालो, "पिवळा गोंद लाव." त्याने डबा माझ्याकडे सरकवला. "मग तुमच्या हातानेच लावा." मी लावला. पुढच्या पावसाळ्यात काच अर्ध्यात अडकली. दोन गॅरेजवाल्यांनी तो गोंद बघून हात वर केले, तेव्हा त्याच्याकडेच जावं लागलं. त्याने पत्र्याची पट्टी पुढे केली. "तुमच्या हातानेच काढा." मी खरवडत गेलो, शीटच्या चिंध्या झाल्या. मग त्याने फळीवरून नवी शीट काढली, माझ्याच दाराच्या मापाने तेव्हाच कापून ठेवलेली, आणि तिच्यावरची वर्षभराची धूळ माझ्यासमोर झटकली. माझी चूक मी केव्हाच कबूल केली आहे. त्या धुळीसाठी मात्र त्याला अजून माफ केलेलं नाही.