केरूभाऊंचं सरकलेलं नाणं

आमच्या वाडीत दोन रुपयांचं नाणं आधी केरूभाऊंच्या भिंगाखालून जायचं आणि मगच दुकानात. अलोऱ्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेली माणसं भजनाला लागतात, कलमं लावतात. केरूभाऊंनी मोबाइलवर नाण्यांचे व्हिडिओ बघितले आणि वाडीची झोप उडवली.

आकडा दुहेरी दिसला की नाणं लाखाचं, असं त्या व्हिडिओत सांगायचे. केरूभाऊ म्हणायचे, "दुहेरी-दुहेरीत फरक हाय! रबरी शिक्का मारताना हात हलला, तर तेवढाच कागद बिघडतो. तसा टांकसाळीत साचा ढिला असला नि ठोका देताना सरकला, की आकड्याची कड चेपते, सपाट पायरी पडते. त्याला कोण विचारत नाय. पण साचाच दुबार कोरला गेला, तर दोन्ही आकडे फुगीर येतात नि कोपऱ्यात खाच दिसते. खरा माल तो!"

हे ज्ञान खरं होतं. पण देण्याची तऱ्हा अशी की घेणाऱ्याला जेवण जाऊ नये. गंगुबाईनं नातीच्या लग्नाची स्वप्नं बघत पदराच्या गाठीतून नाणं काढलं, तर हे म्हणाले, "पायरी! सरकलंय. चहापूड आण जा." माझ्या नाण्याचीही त्यांनी अशीच वासलात लावली. मला तेव्हा राग आला, आणि तो अजून आहे.

मग बायकोच्या, म्हणजे काशीवहिनींच्या, पूजेच्या सुट्ट्या पैशांत त्यांना स्वतःचं नाणं सापडलं. आपला तो बाब्या! त्यात पायरी दिसेचना, सगळं फुगीर नि भरीव. त्यांनी देवळात नारळ ठेवला आणि चारचौघांत बोलून बसले, "हे विकलं, की सभामंडपाचं नवं छप्पर माझ्याकडून."

खेड शहरात नाण्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा केरूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथल्या जाणकारानं एकदाच पाहिलं आणि भिंग त्यांच्याच हातात दिलं. या वेळी पायरी त्यांनाही दिसली.

माणूस कसाही असो, त्यांनी ते लपवलं नाही. देवळात येऊन सांगितलं, "माझंपण सरकलेलंच निघालं." जन्मात पहिल्यांदा ते नम्रपणे बोलले, आणि एकाचाही विश्वास बसला नाही.

"इकलान यानं!" गंगुबाई कडाडली. "नि आता छप्पर घालायला नको म्हणून सोंग करतोय. माझं नाणं चहापुडीत घालवायला लावलान, तेपण दुकानातनं यानंच उचललान असंल!"

केरूभाऊंनी खिशातून नाणं काढलं. "हे बगा, हितंच हाय."

"ते दुसरं!" सगळे एका सुरात.

त्यांनी भिंग पुढे केलं. कुणी डोळा लावला नाही. पायरीचं पुराण ऐकून आमचे कान किटले होते. ज्या शब्दावर वाडीची नाणी खरी-खोटी ठरायची, तो शब्दच आता खोटा ठरला होता. घरी काशीवहिनींनी तांदळाचे डबेसुद्धा उपसून पाहिले.

शिमग्याला पालखीपुढे बाबू गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ज्यानं तुझं छप्पर बोललान, त्याच्या दडवलेल्या पैशाला वाट दाव, नि त्याला चांगली बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली. काशीवहिनींचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

आणि त्या गर्दीत केरूभाऊसुद्धा, लहानपणापासूनच्या सवयीनं, हात जोडून म्हणून गेले, "व्हय म्हाराजा."